कार्ड जागे का झाले नाही?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात धुळे येथे केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



चिटणीस साहेबांनी पत्रातून मला विषय सुचवला होता, ‘संगणक क्षेत्रातील संधी’. त्या विषयावर बोलणारी माझ्याहून जाणकार माणसे तुम्हाला पुष्कळ भेटतील, आणि पगाराचे आकडे तर आजकाल मुलेच आपल्याला सांगतात. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. मी आज एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक माझी आहे, ती दुरुस्त करायला एका ओळीची जागा बदलावी लागली, आणि ती ओळ सापडेपर्यंत एका शेतकऱ्याचा अख्खा हिवाळा वाया गेला.

माझे शिक्षण दहावीपर्यंत याच शहरात, उर्दू माध्यमातून झाले. मराठी गल्लीत शिकलो, इंग्रजी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी धडपडत शिकलो. पुढे जळगावला एका लहानशा कारखान्यात नोकरी लागली. तेथे शेतासाठी नोंदपेट्या तयार होत. बांबूला किंवा लोखंडी खांबाला बांधलेली एक पेटी, वर तळहाताएवढे सौर पॅनेल, आत बॅटरी आणि एक लहानसा संगणक. ही पेटी दर पंधरा मिनिटांनी हवेचे तापमान, आर्द्रता आणि मातीतला ओलावा मोजते आणि एका मेमरी कार्डावर लिहून ठेवते. तुमच्या मोबाईलमध्ये असते तसेच कार्ड. रावेर, यावल, चोपडा या भागात केळीच्या बागा किती आहेत हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, आणि केळीला थंडी सोसत नाही हेही ठाऊक आहे. त्यामुळे रात्री बागेत पारा नेमका कुठवर उतरतो हे जाणून घेण्याची बागायतदारांना गरज असते.

या पेटीचा प्रोग्राम माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेला होता. नऊशे ओळींचे एकच लांबलचक प्रकरण. मापे घेणे, वेळ बघणे, कार्डाशी बोलणे, दिवा लावणे, सगळे एकात एक गुंतलेले. काम मात्र चोख करीत होता, दोन वर्षे एक तक्रार नव्हती. पण त्यात काही नवे घालायचे म्हटले की कुठे हात घालावा ते कळत नसे. म्हणून २०१७ च्या दिवाळीनंतर मी ठरवले की हा प्रोग्राम नीट लावून घ्यायचा.

या कामाला आमच्या धंद्यात रिफॅक्टरिंग म्हणतात. प्रोग्राम बाहेरून जे करतो ते तसेच राहू द्यायचे, आतली मांडणी मात्र बदलायची, म्हणजे वाचायला आणि पुढे वाढवायला तो सोपा जावा. हा शब्द संशोधनात आधीपासून होता, पण मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकामुळे तो घरोघरी झाला. त्या पुस्तकाचा आग्रहच असा आहे की लहान लहान पावलांनी बदल करा आणि प्रत्येक पावलाला चाचणी घ्या. मी पावले लहान टाकली, हे खरे आहे. चाचणी घेतली असे मला वाटत होते. घोटाळा तिथेच होता, पण तो नंतर सांगतो.

आता कार्डाविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. पालकांनी कंटाळू नये, गोष्ट मजेची आहे. एसडी कार्ड हे सँडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी १९९९ साली मिळून आणले. नखाएवढे असले तरी ते नुसते कोठार नव्हे, त्याच्या आत स्वतःचा एक लहान संगणक बसलेला असतो. त्याला दोन भाषा येतात. एक त्याची स्वतःची वेगवान भाषा, जी मोबाईल आणि मोठे संगणक वापरतात. दुसरी साधी, सावकाश भाषा, जी आमच्या पेटीसारखी गरीब उपकरणे वापरतात. वीज आली की कार्ड पहिल्या भाषेत कान देऊन बसते. आपल्याला दुसऱ्या भाषेत बोलायचे असेल तर ते सुरुवातीलाच, ठरलेल्या रीतीने सांगावे लागते.

ती रीत अशी. वीज दिल्यावर निदान एक सहस्रांश सेकंद गप्प बसायचे, म्हणजे दाब स्थिर होतो. मग घड्याळाच्या तारेवर कमीत कमी चौऱ्याहत्तर ठोके द्यायचे. या ठोक्यांबरोबर कोणताही हुकूम जात नाही, ते रिकामेच असतात, आणि ते देताना कार्डाची निवड-तार वर धरलेली असली पाहिजे. निवड-तार खाली ओढणे म्हणजे ‘आता मी तुझ्याशी बोलतो आहे’ असे कार्डाला सांगणे. ती वर असणे म्हणजे ‘अजून नाही’. हे चौऱ्याहत्तर ठोके कार्डाला नुसते जागे होण्यासाठी दिलेले असतात. त्यानंतर तार खाली ओढायची आणि शून्य क्रमांकाचा हुकूम द्यायचा. तार खाली असताना तो हुकूम आला म्हणजे कार्ड ओळखते की समोरचा साध्या भाषेतला आहे. ते उत्तर देते, एक. म्हणजे ‘जागा झालो, पण अजून तयार नाही’. मग आठ क्रमांकाचा हुकूम, त्यात आपण एक खूण पाठवतो आणि कार्डाने तीच खूण परत म्हणून दाखवायची असते. मग एक्केचाळीस क्रमांकाचा हुकूम पुन्हा पुन्हा द्यायचा, कार्ड ‘तयार’ म्हणेपर्यंत. त्याला एक सेकंदापर्यंतही वेळ लागू शकतो. शेवटी अठ्ठावन्न क्रमांकाने विचारायचे की तू लहान कार्ड की मोठे, कारण दोघांची पत्ता सांगण्याची पद्धत वेगळी असते. हे सगळे होईपर्यंत ठोक्यांचा वेग सेकंदाला चार लाखांपेक्षा जास्त न्यायचा नाही. त्यानंतर खुशाल पळवा.

उपकरण कामाला जुंपण्यापूर्वीच्या या तयारीला इनिशियलायझेशन म्हणतात. आमच्या पेटीत ही तयारी एकदाच करून भागत नसे. बॅटरी वाचावी म्हणून दोन नोंदींच्या मध्ये कार्डाची वीज पूर्ण तोडलेली असे. म्हणजे दर पंधरा मिनिटांनी, दिवसातून शहाण्णव वेळा, कार्डाला नव्याने जागे करावे लागे.

जुन्या प्रोग्राममध्ये या ठिकाणी एक ओळ होती. तिचा अर्थ, ‘दहा वेळा २५५ पाठव’. बस्स. का, ते लिहिलेले नव्हते. एका बाइटला आठ ठोके लागतात, दहा बाइटांचे ऐंशी होतात, चौऱ्याहत्तरपेक्षा थोडे जास्त. मला हे तेव्हा माहीत नव्हते. पण मी ती ओळ काढली नाही, हे माझ्या बाजूने सांगतो. न समजलेली ओळ काढू नये एवढी अक्कल मला होती. मी काय केले, तर कार्डाशी होणाऱ्या सर्व देवघेवींसाठी एकच फंक्शन तयार केले. देवघेव सुरू होताना ते निवड-तार खाली ओढी, आणि संपली की वर सोडी. आधी हे काम वीस ठिकाणी विखुरलेले होते, आता एका जागी आले. प्रोग्राम वाचायला सुरेख झाला. आणि त्या दहा बाइटांची ओळही मी त्या फंक्शनमधून पाठवू लागलो.

विद्यार्थ्यांच्या लक्षात आले असेल. ओळ तीच होती, जागा तीच, क्रमही तोच. पण जे ठोके तार वर असताना द्यायचे, ते आता तार खाली असताना जाऊ लागले. बरीच कार्डे हे चालवून घेतात. काही घेत नाहीत, आणि काही कधी घेतात, कधी नाही.

डिसेंबरात रावेर तालुक्यातल्या एका बागायतदारांच्या दोन पेट्यांवर मी हा नवा प्रोग्राम चढवून आलो. मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी एका बागेच्या कडेने शेवरी लावली होती, वारा अडावा म्हणून, आणि दुसरी बाग उघडी ठेवली होती. शेवरीमुळे थंडीच्या रात्री बागेत खरेच काही फरक पडतो का, हे त्यांना एक हिवाळा मोजून बघायचे होते. फरक पडत असेल तर उरलेल्या क्षेत्रालाही लावायची. शास्त्रज्ञाने करावा तसा त्यांचा प्रयोग होता, फक्त त्यांनी त्याला तसे नाव दिले नव्हते. मी प्रोग्राम चढवला, माझ्यासमोर पहिली नोंद कार्डावर पडलेली पाहिली, चहा घेतला आणि निघालो.

जानेवारी २०१८ मध्ये काका कार्डे घेऊन जळगावला आले. दोन्ही कार्डांवर मी गेलो त्या दिवशीची एक एक नोंद होती. त्यापुढे काही नाही. मी एक कार्ड टेबलावरच्या पेटीत घातले. पेटी म्हणाली, कार्ड नाही. दुसरे घातले, तेच. काका म्हणाले, ‘भाऊ, माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरवर तर चांगलं उघडतं.’ मी म्हणालो, ‘काका, डुप्लिकेट कार्डं अशीच करतात. तुम्हाला दोन चांगली देतो.’ खणातून दोन कार्डे काढली, पेटीत घालून दाखवली, चालली. काका गेले.

हे वाक्य मी आज तुमच्यासमोर मुद्दाम उच्चारतो आहे, कारण ते उच्चारताना मला काडीचीही शंका नव्हती. कार्ड संगणकात उघडते आणि पेटीत उघडत नाही, याचा अर्थ कार्ड खराब, असा मी निष्कर्ष काढला. तो उलटाही काढता आला असता. पण पेटीचा प्रोग्राम माझा होता आणि कार्ड त्यांचे होते.

तीन आठवड्यांनी ते परत आले. नव्या कार्डांवर नोंदी होत्या, पण दात पडलेल्या फणीसारख्या. दोन तास आहेत, पाच तास नाहीत. पहाटेच्या नोंदी तर, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, कुठे आहेत कुठे नाहीत. काका रागावले नाहीत. ते इतकेच म्हणाले, ‘भाऊ, पहिलं कार्ड दोन वर्षं चाललं. नवं काय आलं, तर तुमचं सॉफ्टवेअर आलं.’

ते गेल्यावर मी त्यांचे जुने कार्ड, जे मी डुप्लिकेट ठरवले होते, पेटीत घातले आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रोग्राम चढवला. कार्ड पहिल्या फटक्यात चालले. मित्रांनो, त्या क्षणी कान गरम होतात.

आता शोधायचे होते की बेचाळीस बदलांपैकी नेमका कोणता बाधला. आम्ही प्रोग्रामचा प्रत्येक बदल गिट नावाच्या साधनात साठवतो. हे साधन लिनस टॉरवॉल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तयार केले, ते फुकट आहे, आणि विद्यार्थ्यांनी ते पहिल्या वर्षापासून वापरावे. त्यात एक युक्ती आहे. मधला, म्हणजे एकविसावा बदल घ्या आणि तपासा. चालला, तर दोष पुढच्या अर्ध्यात. नाही चालला, तर मागच्या अर्ध्यात. पुन्हा निम्मे करा. बेचाळीस बदल असले तरी सहा वेळा तपासून गुन्हेगार हाती लागतो. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो.

मी सहा वेळा तपासले. गुन्हेगार म्हणून जो बदल निघाला, त्यात मी फक्त एका नावाचे स्पेलिंग दुरुस्त केले होते! पुन्हा केले, तर भलताच दुसरा निघाला. दोन दिवस असे गेले. शनिवारी मी एस.टी.ने धुळ्याला घरी आलो, नव्वद किलोमीटर, आणि सबंध रस्ता हेच डोक्यात.

माझे वडील यंत्रमागाचे जॉबर होते. या सभागृहात त्यांचे काम पाहिलेले काही लोक असतील. रात्री जेवताना त्यांनी विचारले, काय झाले आहे. मी सांगत गेलो, ते ऐकत गेले. कार्ड, तार, ठोके यांतले त्यांना किती कळले असेल, अल्ला जाणे. मग ते म्हणाले, ‘बेटा, तू ते डबडं दर वेळी चालत्या मागावरच बघतोस का?’

मला कळले नाही. ते म्हणाले, ‘लाइट जाते तेव्हा सगळे माग जिथल्या तिथे थांबतात. कुणाचा धोटा अर्ध्या वाटेत असतो. लाइट आल्यावर तसाच हँडल मारला तर ताणा तुटतो. आधी धोटा पेटीत घालावा लागतो. चालत्या मागावर तुला ते कधीच दिसणार नाही. तुझ्या टेबलावर लाइट जाते का?’

जात नव्हती. माझ्या टेबलावरच्या पेटीत मी सोयीसाठी एक तार जोडून ठेवली होती, कार्डाची वीज कायम चालू राहावी म्हणून. शोध घेताना मी दर वेळी प्रोग्राम बदलीत होतो आणि बटण दाबून संगणक पुन्हा सुरू करीत होतो, पण कार्ड मात्र त्या सबंध वेळात झोपलेच नव्हते. एकदा का एखाद्या चांगल्या प्रोग्रामने त्याला जागे केले, की पुढचे वाईट प्रोग्रामही त्याच्याशी आरामात बोलत होते. त्यामुळे माझा निकाल प्रोग्रामवर नव्हे, मी कोणत्या क्रमाने तपासतो त्यावर ठरत होता. आणि काकांच्या शेतात पहिली नोंद का पडली, हेही उलगडले. त्या दिवशी जुन्या प्रोग्रामने कार्ड जागे केलेले होते, आणि वीज न तुटता मी त्यावर नवा चढवला. पंधरा मिनिटांनी पेटीने कार्डाची वीज तोडली, ती पहिली झोप. त्यातून ते उठले नाही. तोवर मी रावेरच्या स्टँडवर होतो.

सोमवारी तार काढून टाकली. प्रत्येक तपासणीआधी वीज पूर्ण तोडली, दहापर्यंत मोजले, मग दिली. काकांचे जुने कार्डच वापरले, कारण खोड असलेले कार्ड हेच खरे साक्षीदार. सहा तपासण्यांत सरळ त्या देवघेवीच्या फंक्शनवर येऊन पोहोचलो. तरीही कारण कळेना. तेव्हा कुठे मी एसडी संघटनेने प्रसिद्ध केलेली तांत्रिक संहिता उघडली. तिची संक्षिप्त आवृत्ती कोणालाही विनामूल्य मिळते. चौऱ्याहत्तर ठोके तेथे स्पष्ट लिहिलेले आहेत. खरे सांगायचे तर ती फाईल माझ्या संगणकावर वर्षभर पडून होती. शेकडो पानांचे इंग्रजी, म्हणून उघडली नव्हती. आपल्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते असे पालक सांगतात. मला ती पदवी घेतल्यावरही वाटत होती, आणि त्या भीतीची किंमत दुसऱ्याच माणसाने भरली.

मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्याला फोन केला, तो तेव्हा पुण्याला होता. विचारले, ती दहा बाइटांची ओळ. तो हसला. म्हणाला, त्या ओळीपायी त्याचे दोन दिवस गेले होते. मग तेथे लिहून का ठेवले नाहीस, असे विचारल्यावर म्हणाला, दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता.

दुरुस्ती एवढीच, की ती ओळ फंक्शनच्या बाहेर काढली आणि तार वर असतानाच पाठवली. तिच्यावर चार ओळींची टीप लिहिली, का ते सांगणारी. आणखी एक गोष्ट बदलली, तिची मला जास्त लाज वाटते. पेटीवरचा हिरवा दिवा माप घेतल्यावर लुकलुकत असे, कार्डावर लिहिल्यावर नव्हे. काका रोज सकाळी बागेत जाऊन दिवा बघत होते आणि समाधानाने परत येत होते. आता लिहिलेले परत वाचून पाहिल्यावरच दिवा लागतो.

अशा चुका केवळ जळगावच्या लहान कारखान्यात होतात असे समजू नका. २००६ साली डेबियन या प्रसिद्ध संगणक-प्रणालीत, एक तपासणी-साधन तक्रार करते म्हणून, गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या प्रोग्राममधून काही ओळी साफसफाईत काढल्या गेल्या. यादृच्छिक आकड्यांची सुरुवातीची तयारी त्या ओळींवर अवलंबून होती. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले. तोवर एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्लीसाठी, अगणित शक्यतांऐवजी फक्त ३२,७६८ उरल्या होत्या, आणि जगभरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. तेथेही प्रोग्राम चालत होता, दिवा हिरवाच होता.

दुसरे उदाहरण मंगळावरचे आहे. तेथे दोष साफसफाईचा नव्हता, पण स्मृतिसाठा सुरू करतानाचाच होता, म्हणून सांगतो. नासाची स्पिरिट ही गाडी ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरली. अठरा दिवसांत ती बोलेनाशी झाली. तिच्या कायमच्या साठ्यात फाईलींची संख्या फार वाढली होती, प्रवासातल्या जुन्या फाईलीही तशाच होत्या. संगणक सुरू होताना त्या सगळ्यांची यादी कामाच्या स्मृतीत आणायला जाई, जागा पुरत नसे, आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होई. पुन्हा तेच. साठहून जास्त वेळा. रात्री झोपायचेही ती विसरली आणि बॅटरी उतरू लागली. शेवटी अभियंत्यांनी पृथ्वीवरून हुकूम दिला, की साठ्याला हात न लावता सुरू हो. ती सुरू झाली. मग नको त्या फाईली पुसल्या, फेब्रुवारीत साठा नव्याने आखून घेतला, आणि ती गाडी २०१० पर्यंत काम करीत राहिली. त्या अभियंत्यांना गाडीजवळ जाऊन बटण दाबता येत नव्हते. मला रावेरला जाता येत होते.

आणि जावे लागले. नवा प्रोग्राम त्या वेळी अडतीस पेट्यांवर होता, आणि तो दुरून बदलण्याची सोय नव्हती. कारखान्याच्या मालकांचे म्हणणे पडले की तक्रार तिघांचीच आहे, बाकीच्यांना कशाला सांगायचे. धंद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. नोकरी लागून मला दीड वर्ष झाले होते, घरी बहिणीचे लग्न ठरलेले होते. मी त्यांना एवढेच विचारले की उरलेल्या पस्तीस जणांना आपली नोंद होते आहे असे वाटते आहे, आणि ती होत नसेल तर ते आपल्याला कसे कळवतील? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पेट्रोल मी देतो, रविवार तुझा. पाच रविवारांत रावेर, यावल, चोपडा, शिरपूर आणि शहादा असे फिरलो. अडतीसपैकी अकरा पेट्या गप्प निघाल्या. प्रत्येक ठिकाणी मी सांगितले की चूक माझी होती. दोघे रागावले. एकाने जेवू घातले. बहुतेकांनी विचारले, आता चालेल ना?

लिनक्सच्या लोकांमध्ये एक कडक शिरस्ता आहे. वापरणाऱ्याचे चालते काम तुमच्या बदलामुळे बंद पडले, तर दोष तुमच्या बदलाचा धरायचा, त्याच्या उपकरणाचा नव्हे. उपकरण कितीही विचित्र असो. यूएसबी उपकरणांशी प्रथम ओळख करून घेण्याचा क्रम त्यांनी एकदा सुधारणा म्हणून बदलला होता, काही उपकरणे चालेनाशी झाली, आणि २०२० साली तो बदल मागे घेतला गेला. ‘डुप्लिकेट कार्ड’ म्हणण्याची सोय तेथे ठेवलेली नाही.

काही मुले विचारतील, आणि कालच एकाने विचारले, की आता ही मांडामांड करून देणारी कृत्रिम बुद्धीची यंत्रे आली आहेत, मग आम्ही शिकून काय करायचे. ती यंत्रे मीही वापरतो. नऊशे ओळी ती एका मिनिटात सुरेख लावून देतात, मला दोन महिने लागले होते. पण काकांचे कार्ड त्यांच्यापुढे नसते, वीज तोडून बघायला त्यांना हात नसतात, आणि पाच रविवार मोटारसायकलवर कोण फिरणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

माझ्या टेबलावर आता एक रिले आहे, चाळीस-पन्नास रुपयांचा. तो रात्रभर कार्डाची वीज तोडतो आणि देतो, पाचशे वेळा, आणि दर वेळी नोंद झाली की नाही ते मोजतो. खणात पाच जातींची कार्डे आहेत, त्यांत काकांचे ते जुने कार्डही. त्यावर मी चिठ्ठी चिकटवली आहे, ‘फेकू नये’. वडील एकदा जळगावला आले तेव्हा त्यांनी रात्री तो रिले टिकटिकताना पाहिला. म्हणाले, याला झोपू दे की जरा.

काकांचा हिवाळा मात्र परत आला नाही. त्या जानेवारीत त्यांच्या दोन बागांत पहाटे पारा किती उतरला, शेवरीने किती थोपवला, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा मोजले. मार्च २०१९ मध्ये कार्डे घेऊन आले तेव्हा एकही नोंद चुकलेली नव्हती. फरक दिसत होता, फार नव्हे, पण दिसत होता. मी उत्साहाने आलेख काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नीट पाहिला, घडी करून खिशात ठेवला, आणि म्हणाले, ‘भाऊ, शेवरी तर मी मागच्या पावसाळ्यातच लावून टाकली. किती वाट बघायची?’